पोस्टपेडची क्रेडिट लिमिट न विचारता वाढवली? तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

"अभिनंदन! वेळेवर बिल भरल्याबद्दल तुमची क्रेडिट लिमिट वाढवण्यात आली आहे." पोस्टपेड मोबाइल असणाऱ्या बऱ्याच जणांना असा मेसेज कधी ना कधी आला असेल. काहींना तर मेसेजही येत नाही, बिलाच्या पहिल्या पानावरचा आकडा तेवढा बदललेला असतो. हा प्रकार मला मुळातच अन्यायाचा वाटतो, म्हणून हा धागा काढते आहे.

कंपनीच्या लेखी लिमिट म्हणजे ग्राहकाला उधार किती द्यायचं याचा हिशोब. ग्राहकाच्या लेखी तो बांध असतो. काही गडबड झाली, फोन भलत्याच्या हाती पडला, तरी बिल इतक्याच्या वर जाणार नाही, हा भरवसा त्यावर असतो. तो परस्पर उचलून दूर ठेवायचा आणि वर अभिनंदन करायचं, हे मला पटत नाही.

२००५ साली ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) कंपन्यांना निर्देश दिला की पोस्टपेड ग्राहकाला त्याची लिमिट आधी सांगा आणि वापर ८० टक्क्यांवर गेला की कळवा. चांगलाच नियम आहे, पण त्याचा सगळा भर कळवण्यावर. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की ग्राहकाच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवायची नाही. कार्डाला जो न्याय, तो फोनला का नको?

कंपनीचं नाव लिहू नका, नाहीतर चर्चा 'कोणती कंपनी बरी' यावर जाईल. काय घडलं, तुम्ही काय केलंत, त्याचं पुढे काय झालं, ते लिहा.

साताऱ्याची लेक

माझ्या वडिलांचं सांगते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, शिक्षक म्हणून निवृत्त. बिल आलं की दुसऱ्या दिवशी भरून मोकळे होणारे. त्यांची लिमिट पूर्वी हजाराच्या आसपास होती आणि ती त्यांना पुरून उरायची.

गेल्या वर्षी परदेशी नंबरवरून मिस्ड कॉल येऊ लागले. माझा भाऊ आखातात असतो, त्यामुळे बाबांनी साहजिकच उलट फोन लावला. पलीकडे नुसती घंटा वाजल्यासारखा आवाज. त्यांना वाटलं लाइन लागत नाहीये, म्हणून धरून बसले, पुन्हा लावला. मिनिटाला जबर दर असलेले हे नंबर असतात, पलीकडे कोणीच नसतं. बिल नऊ हजारांच्या वर.

आम्ही विचारलं, हजाराला फोन बंद का नाही पडला? उत्तर आलं की लिमिट आठ महिन्यांपूर्वीच दहा हजार केली आहे, "मेसेज पाठवला होता सर." मेसेज शोधला. इंग्रजीत होता, कॉलर ट्यून आणि लॉटरीच्या जाहिरातींच्या मधोमध. मराठी शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला इंग्रजी मेसेज टाकून "कळवलं" म्हणायचं!

बाबा पैशापेक्षा या गोष्टीने खचले की आपण वेळेवर बिल भरलं म्हणून आपल्यावर ही वेळ आली. बिल थकवणाऱ्याची लिमिट कोण वाढवणार होतं? तक्रार केली, मग अपील. अर्ध्याहून थोडी जास्त रक्कम माफ झाली. आयएसडी (परदेशी कॉलची सोय) आता बंद करून घेतलंय.

मुलुंडकर

विमानात बिल चढलेला मी एक. लेक अमेरिकेत, तिच्याकडे निघालो होतो. रोमिंग पॅक घेतला होता, पण पॅक त्या देशातल्या नेटवर्कपुरता असतो. विमानातलं नेटवर्क वेगळं, फोनने ते आपणहून पकडलं आणि मी झोपलेला असताना मागे फोटोंचा बॅकअप चालू राहिला. उतरल्यावर ८० टक्क्यांचा, १०० टक्क्यांचा असे सगळे मेसेज एकदमच आले. नंतर कळलं की रोमिंग सुरू करतानाच माझी लिमिट कित्येक पटींनी वाढवली होती. पॅकची संमती मी दिली होती, लिमिटची कोणी मागितलीच नाही.

पूर्वी बिलिंगमध्ये

एका मोबाइल कंपनीच्या बिलिंग-वसुली विभागात काही वर्षं होतो, म्हणून आतली बाजू लिहितो.

लिमिट वाढवायला कोणी माणूस बसलेला नसतो. सिस्टीम दर काही महिन्यांनी ग्राहकांची यादी चाळते. बिल सरासरी किती, वेळेवर भरलं का, कनेक्शन किती जुनं. निकषात बसला की नवा आकडा चढतो. कारण सरळ आहे. लिमिट भरली की आउटगोइंग बंद होतं, ग्राहक कॉल सेंटरला फोन करून चिडतो, शिवाय तेवढा वेळ कंपनीची कमाई थांबते. चांगला ग्राहक अडू नये, हा विचार अगदी खोटा नाही. पण या सगळ्यात ग्राहकाला विचारायची पायरीच ठेवलेली नव्हती.

आणखी एक. बरेच जण समजतात की लिमिट फक्त चालू महिन्याची. तसं नाही. न भरलेलं मागचं बिल अधिक चालू महिन्याचा वापर, अशी बेरीज धरतात. मुलुंडकरांच्या बाबतीत, परदेशातल्या वापराची नोंद तिकडच्या कंपनीकडून इकडे यायला काही तास जातात. डेटा मिनिटांत हजारो रुपये खातो आणि इशारा मागून येतो. म्हणून रोमिंगला लिमिट वाढवणं सगळ्यात धोक्याचं.

इचलकरंजी लूम

आमच्या कारखान्याची ग्रुप कनेक्शनं आहेत. सगळ्यांची लिमिट एकदम वाढवली, आम्हाला पत्ता नाही. नोकरी सोडून गेलेल्या एका पोराकडे सिम राहिलं होतं, त्यावर गेमची खरेदी थेट मोबाइल बिलात लागत गेली. बिल वादात म्हणून भरलं नाही, तर नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट होईना. थकबाकी असली की पोर्टिंगची विनंती फेटाळतात. धंद्याचा नंबर पंधरा वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडात बसलेला, तो सोडणार कसा? शेवटी निषेध नोंदवून पैसे भरले आणि मग पोर्ट केलं. पैसे परत मिळाले नाहीत. हे सरळ सरळ नाक दाबणं आहे.

लेस्टरहून

इकडे ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून कायदाच आहे. करार करताना मोबाइल कंपनीने ग्राहकाला विचारायचं की बिलावर मर्यादा घालायची का, आणि आकडा ग्राहकाने सांगायचा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कंपनी तो ओलांडू शकत नाही. मी मुलाच्या फोनला मर्यादा शून्य ठेवली आहे, म्हणजे प्लॅनच्या बाहेर एक पेनीसुद्धा लागत नाही. ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम होतं.

श्टुटगार्ट

युरोपियन युनियनमध्ये रोमिंग डेटाला २०१० पासून ५० युरोची मर्यादा (कर वेगळा) आपोआप लागू आहे. ८० टक्क्यांवर सूचना येते, मर्यादा गाठली की इंटरनेट बंद. पुढे वापरायचं तर ग्राहकाने तसं कळवायचं. ८० टक्क्यांची सूचना आपल्याकडेही आहे, फरक पुढच्या पायरीत आहे.

वाळपईचो

माझं मत जरा वेगळं आहे. आई गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखल होती तेव्हा नातेवाईकांना, रक्तदात्यांना फोन करता करता लिमिट भरली आणि रात्री आउटगोइंग बंद. बिल भरायला भावाला सांगावं लागलं. त्यानंतर लिमिट वाढली तेव्हा मला हायसंच वाटलं. सरसकट विरोध नको.

धागाकर्ती

तुमचा अनुभव फार महत्त्वाचा आहे, लिहिल्याबद्दल आभार. लिमिट वाढूच नये असं माझं म्हणणं नाही. त्या रात्री "एवढी वाढवायची आहे का? हो कळवा" असा मेसेज आला असता तर तुम्ही क्षणात हो म्हटलं असतं. साताऱ्याच्या बाबांनी नाही म्हटलं असतं. दोघांनाही विचारणं शक्य होतं.

ग्राहक कार्यकर्ता, नाशिक

इथे कोणी तक्रार करणार असेल तर क्रम नीट पाळा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जा. अपिलाला फी नाही, वकील लागत नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवण्यात वेळ घालवू नका, ते ती स्वतः सोडवत नाहीत. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अपिलातही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन म्हणायच्या की टेलिफोनचे वाद ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत, लवादाकडे जा. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकालात काढला. प्रकरण अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाचं होतं. त्याचं सरासरी बिल ५५५ रुपये, आणि २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या एका महिन्याचं आलं २४,६०९ रुपये. ग्राहक आयोगाला असे वाद ऐकण्याचा अधिकार आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. अधिकार आहे एवढं ठरायलाच इतकी वर्षं गेली, याचा मला अजून राग येतो.

साताऱ्याची लेक

लिमिट कमी करून घ्यायला अर्जात नेमकं काय लिहायचं? आईच्या फोनसाठी हवंय.

ग्राहक कार्यकर्ता, नाशिक

एवढं पुरे: "माझ्या वरील क्रमांकाची क्रेडिट लिमिट रुपये … इतकी ठेवावी. माझ्या लेखी संमतीशिवाय ती वाढवू नये. आंतरराष्ट्रीय कॉल, रोमिंग आणि मोबाइल बिलातून होणारी खरेदी बंद ठेवावी. केलेल्या बदलाची लेखी पोच मराठीत द्यावी." ईमेलनेच पाठवा, फोनवर सांगितलेलं टिकत नाही.

साताऱ्याची लेक

पाठवलं. डॉकेट नंबर आला, आणि संध्याकाळी आईची लिमिट कमी केल्याचा मेसेजही. इंग्रजीत. मराठी पोच मागणारा दुसरा ईमेल आत्ताच धाडला.