ग्रंथालयात जाऊन बसण्यात आता काय मजा उरली आहे?

निवांत_वाचक
पुस्तक बदलून आणणं वेगळं आणि ग्रंथालयात दोन-तीन तास ठिय्या देणं वेगळं. माझ्या ओळखीतले चांगले वाचणारे लोकही हल्ली म्हणतात, "फोनवर सगळं मिळतं, तिथे जाऊन बसायचं कशाला?" मला मात्र बसणंच जास्त आवडतं. काही विकत घ्यावं लागत नाही, 'अजून किती वेळ?' असं कुणी विचारत नाही. आणि शोधायला जावं एक, हाती लागावं भलतंच, हे सुख घरी नाही. मध्यंतरी ग्रहताऱ्यांवरचं पुस्तक शोधत होतो. पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायच्या ड्युई दशांश वर्गीकरणात खगोलशास्त्र ५२० पासून सुरू होतं आणि कालगणना ५२९ ला येते, त्यामुळे दोघांचा शेजार. उभ्याउभ्या एक पुस्तक उघडलं, तर काही देशांत १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर कसा उजाडला, ते प्रकरण समोर! खुर्ची ओढली. तारे राहिले बाजूला. तुमचं काय मत?

सडेतोड
साफ असहमत. भलतंच हाती लागायची सोय फोनवर काय कमी आहे? बसलं की तास कुठे जातो कळत नाही. शिवाय हे सुख दुपार मोकळी असणाऱ्यांचं. नोकरदार माणूस तिथे पोचतो तेव्हा कपाटांना कुलपं लागत असतात. आणि भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं काय आहे? 'वाचकाचा वेळ वाचवा'. तुम्ही तो घालवण्याचे गोडवे गाताय.

फळीवरची
चौथं वाचलंत, तर तिसरंही वाचा की: 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक'. तो मिळावा म्हणूनच मुक्तद्वार पद्धत हवी, वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यावं, हा त्यांचा आग्रह. वेळ वाचवा म्हणजे काउंटरवर ताटकळत ठेवू नका. लवकर घालवून द्या असं नव्हे!

फोनवरचं 'भलतंच' तुम्ही काल काय पाहिलंत त्यावरून ठरतं. इथे तसं नसतं. पुस्तकात चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कधी नीट पाहिली आहे? मी परवा एक काढलं, त्यावरचे शिक्के सुरुवातीला दाटीवाटीने, मग विरळ, आणि शेवटचा इतका फिकट की साल लावायला पान उजेडात धरावं लागलं. त्यानंतर कोरी जागा. ज्याला कुणी हातच लावत नाही असं पुस्तक कुठलं यंत्र सुचवणार आहे मला? फार सुंदर निघालं हो ते.

उलटतपासणी
फळीला एवढं भोळं समजू नका. तो शेजार ड्युई नावाच्या एका माणसाने १८७६ साली लावून दिलेला आहे. लांडगा ५९९ मध्ये, सस्तन प्राण्यांत, आणि कुत्रा ६३६ मध्ये, पशुपालनात. मध्ये वैद्यक आणि अभियांत्रिकीची कपाटं! त्याहून मोठा घोळ धर्माचा. जुन्या मांडणीत २२० ते २८९ एकट्या ख्रिस्ती धर्माला आणि बाकी जगाचे धर्म २९० मध्ये कोंबलेले. तेव्हा तुम्हाला जे 'सहज' दिसतं तेही कुणीतरी ठरवलेलंच.

फळीवरची
मान्य. पण ते माझ्याकडे बघून ठरवलेलं नाही, एवढाच माझा मुद्दा. लांडग्यापासून कुत्र्यापर्यंत चालत जावं लागतं, तर जाऊ की. वाटेत औषधी वनस्पती भेटतात.

कोपऱ्यातली_खुर्ची
चर्चा छान, पण बसायला जागा मिळते का कुणाला? सकाळी दार उघडताच परीक्षेवाली मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन हजर, आणि जेवायला गेली तरी वह्या खुर्च्या धरून बसलेल्या. त्यांची चूक नाही, अनेकांना घरी शांतता नसते. मी नियतकालिकांच्या टेबलाशी बसते. तिथे एक आजोबा पेपरची घडी घालताना एवढा आवाज करतात की ग्रंथपालसुद्धा हसतात.

सडेतोड
जागेचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, नोंद घ्यावी. संदर्भ विभागातले घरी न मिळणारे ग्रंथ, नियतकालिकांचे जुने बांधीव खंड, एवढ्यापुरता मीही जातो. काम झालं की बाहेर. सुखबिख काही नाही.

निवांत_वाचक
जुना खंड मागवून त्यातल्या जाहिराती न चाळता परत करून दाखवा!

सडेतोड
बांधणी करताना जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. फार राग येतो.