टाचा उंच केलेली हॅचबॅक म्हणा नाहीतर काहीही म्हणा, आमच्या घराला हीच गाडी बरी

रंकाळाकाठ
कालच्या चर्चेत ‘पहिलीच गाडी’ यांनी घरासाठी गाडी कुठली घ्यावी ते विचारलं होतं. त्यावर ‘डिझेलवाला’ यांनी लिहिलं की पंच, एक्स्टर, मॅग्नाइट, कायगर, फ्रॉन्क्स या छोट्या एसयूव्ही म्हणजे टाचा उंच केलेल्या हॅचबॅक. घेणारे नावाला भुलतात. तेवढ्याच सात-आठ लाखांत सात-आठ वर्षं वापरलेली मोठी डिझेल घेणारा तो शहाणा. रात्रभर ते डोक्यातनं जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आधीच्या गाडीत बसताना ती पाठमोरी उभी राहायची, दाराची वरची कड धरायची आणि अंग सोडून द्यायची. उतरताना दोघांनी हात द्यायला लागायचा. पुढं पुढं ती म्हणायलाच लागली, तुम्ही जाऊन या, मी थांबते घरात. आताची गाडी या छोट्या एसयूव्हींपैकीच, तिची सीट आईच्या कमरेला येते. नुसती टेकते आणि पाय आत घेते. परवा नृसिंहवाडीला जाऊया म्हणून तिनंच विषय काढला. याला हॅचबॅक म्हणायचं का एसयूव्ही, मला काही फरक पडत नाही.

दुसरं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. जुन्या गाडीत चौघं बसले की दर वेळी पोट घासायचं. एका पावसाळ्यात इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं आणि तेलाचा माग घरापर्यंत आला. पंचचा ग्राऊंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, १८७ मिमी, एक्स्टरचा १८५, मॅग्नाइट आणि कायगरचा २०५. आपल्याकडच्या खड्ड्यांत ही वाढीव उंचीच कामाला येते.

आणि जुनी मोठी डिझेल बघायला मीही गेलो होतो. मीटरवर ६२ हजार. पण क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड उसवलेली. टोकन देऊन बसलो होतो, तरी शंका आली म्हणून सर्व्हिसच्या नोंदी काढल्या. तीन वर्षांपूर्वीच १ लाख ३८ हजार! टोकनचे वीस हजार अजून परत आलेले नाहीत. हा शहाणपणा असेल तर तो तुम्हालाच लखलाभ.

डिझेलवाला
आईंच्या गुडघ्यांवर मी काही बोलणार नाही, ते कारण खरं आहे. पण तुम्हाला एकानं फसवलं म्हणून सगळ्या जुन्या गाड्या भंगार कशा? माझी २०१६ ची आहे. कपड्यांचे गठ्ठे टाकून महिन्यातनं चार वेळा कणकवली करतो. तुमच्या त्या एक लिटर इंजिनाच्या, बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) गाडीत पाच माणसं, डिकी भरून सामान आणि एसी लावून गगनबावड्याचा घाट चढून दाखवा. मेव्हण्याची तसलीच आहे. कोकणातनं वर येताना दुसऱ्या गिअरला दम खायला लागली. एसी बंद केला, काचा खाली केल्या, पोरं घामानं भिजली, मागं एसटी हॉर्न मारतेय. तीन सिलिंडरचं इंजिन बसवायचं आणि बाहेरनं प्लास्टिकची जाड पट्टी लावून एसयूव्ही म्हणून विकायचं, ही फसवणूक नाही तर काय?

गगनबावडा रोज
मी शिक्षिका आहे. गगनबावडा तालुक्यात शाळा, रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, त्यात तिकडचा पाऊस. गाडी १.२ लिटर, बिनटर्बोची. तेव्हा घाटाचं मला सांगू नका, दादा.

गाडी दमते ती बहुतेक वेळा गिअर उशिरा पाडल्यामुळं. या छोट्या पेट्रोल इंजिनांना खालून ताकद नसते, वळणाच्या आधीच दुसरा टाकून इंजिन फिरतं ठेवायला लागतं. डिझेलची सवय असलेला माणूस तिसऱ्यातच ओढत बसतो आणि मग गाडीला नावं ठेवतो. मात्र तुमचं एक खरं आहे. मॅग्नाइटचं साधं इंजिन ९६ न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायची ओढ) देतं आणि टर्बोवालं मॅन्युअलला १६०. नाव एक, बाहेरनं दिसायलाही एक, पण घाटात या दोन वेगळ्या गाड्या. घेणाऱ्यानं सनरूफवर पैसे घालण्याआधी हा आकडा बघावा. महिन्यातनं दोनदा कोकणात उतरणारा असेल तर टर्बो घ्या. कोल्हापुरातच राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी करणाऱ्याला साधं इंजिन भरपूर झालं.

डिझेलवाला
म्हणजे टर्बो घ्यायची तर पुन्हा लाखभर वर. मग स्वस्त राहिली कुठं?

रंकाळाकाठ
स्वस्त राहिली ती करामुळं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत आली. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. मोठ्या गाडीला ४० टक्के. लांबीवरनं कर ठरतो, म्हणून तर सगळ्या कंपन्यांनी लांबी चार मीटरच्या आत कोंबली आहे. ऑन-रोड काढताना आरटीओच्या रस्ता कराचे ११ टक्के धरायला मात्र विसरू नका.

टाकी फुल्ल
सगळे बोलताय, पण अॅव्हरेजचं कुणीच बोलत नाही. माझी याच वर्गातली, २०२१ ची. पहिली दोन वर्षं गावात सतरा द्यायची. आता चौदा. इंजिन तेच, चालवणारा तोच, रस्ता तोच. बदललं काय? पेट्रोल! २० टक्के इथेनॉल घालून पाणी पाजताहेत आणि भाव पूर्ण घेताहेत. नवीन गाडी घेणाऱ्यांनी ब्रोशरमधला आकडा विसरावा. साखर कारखानदारांच्या भल्यासाठी आमच्या टाकीत ऊस ओतायचं चाललंय.

भोगावती काठ
कारखानदार म्हणून कुणाला बोलताय भावा? साडेतीन एकर ऊस हाय माझा. १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायचा कायदा हाय, आणि आमच्या बापानं वर्ष-वर्ष वाट बघितलेली मी डोळ्यानं बघितलीय. साखर गोदामात पडून राहिली की कारखाना म्हणणार पैसे न्हाईत. इथेनॉलचं पैसे तेल कंपन्यांकडनं लवकर येतात, म्हणून कुठं बिलं वेळेवर निघायला लागली. तुम्हाला लिटरमागं एक किलोमीटर कमी पडला की लगेच ऊस दिसतो. तोडणीला माणूस मिळत न्हाई, खत काय भावानं हाय, हे कधी दिसलंय?

टाकी फुल्ल
शेतकऱ्याला पैसे मिळू नयेत असं मी कुठं म्हणालो? माझी आजीही करवीर तालुक्यातलीच. पण तुमच्या बिलाचा भार माझ्या इंजिनावर का? २०२३ च्या आधीच्या गाडीवाल्यांना पंपावर दुसरं पेट्रोल मागायची सोय ठेवली का कुणी? आणि आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका आणि तांदळातनं येतंय. मग ते उसाच्या नावावर का खपवता?

भोगावती काठ
खपवत न्हाई. उलट आमचाच गळा आवळलाय. डिसेंबर २०२३ ला ऐन हंगामात रसापासनं इथेनॉल करायला केंद्रानं लगाम घातला. कर्ज काढून प्रकल्प उभारलेले कारखाने तोंडात बोट घालून बसले. पुढच्या ऑगस्टात मोकळीक दिली. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. हातात काय राहतंय ते एकदा बांधावर येऊन बघा, मग पाणी पाजतोय म्हणा.

टाकी फुल्ल
बांधावर यायचं निमंत्रण नको, मला माझ्या पैशाचं पेट्रोल पाहिजे. प्रश्न विचारला की लगेच शेतकऱ्याला पुढं करायचं, ही सवय झालीय सगळ्यांना.

भोगावती काठ
पुढं करायचं? मी स्वतः शेतकरी हाय, कुणी पुढं केलेला न्हाई! जरा जपून बोला.

रंकाळाकाठ
दोघंही थांबा. गाडी कुठली घ्यावी हा विषय आहे.

उद्यमनगर
एवढी वर्षं इंजिनं उघडतोय, म्हणून लिहितो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा अॅव्हरेज पडणार हे खरंच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट लिहिली होती. म्हणजे सतराची सोळाच्या थोडी खाली यावी. चौदा येतेय तर बाकीचा दोष दुसरीकडं आहे. हवा तपासा, एअर फिल्टर बघा, क्लच घसरतोय का बघा. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलला चालणारे आहेत, नवीन घेणाऱ्यानं त्याची धास्ती घेऊ नये. जुन्या गाडीवाल्यांची तक्रार मात्र रास्त आहे, त्यांचे पाइप मी बदललेत.

डिझेलवाल्यांना एक सांगतो. जुन्या डिझेलचा खर्च टर्बो आणि इंजेक्टरमध्ये असतो, आणि तो एकदमच येतो. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर पळणार असाल तर परवडतं. रविवारी बाहेर काढणाऱ्यानं घेऊ नये. तुमची २०१६ ची, २०३१ ला पंधरा वर्षं भरतील, तेव्हाच्या पासिंगचाही विचार ठेवा.

अजून एक, कारण हे मी २०१९ ला पोटात कळ येईल इतकं बघितलंय. पंचगंगा तेव्हा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. पाणी ओसरल्यावर लोकांनी पार्किंगमधल्या गाड्यांना थेट स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये पाणी, कनेक्टिंग रॉड वाकडे. गाडी उंच आहे म्हणून पाण्यात घालू नका, २०५ मिमी म्हणजे आठ इंच. बुडली तर चावी न लावता ओढून आणा. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्या, साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही.

टाकी फुल्ल
सकाळी हवा तपासली. पुढची दोन्ही चाकं २४ वर होती, दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. तेवढं मान्य. इथेनॉलचं मान्य नाही.

भोगावती काठ
जुन्या गाड्यांसाठी पंपावर वेगळं पेट्रोल मिळावं, हे मलाही पटतं. पण पाणी हा शब्द मागं घ्या.

टाकी फुल्ल
घेतला मागं.

पहिलीच गाडी
मी मूळ प्रश्न विचारणारा. घरात पाच जण, बजेट ऑन-रोड साडेआठ, वडिलांना हृदयाचा त्रास. महिन्याला सहाशे किलोमीटर, वर्षातनं तीन-चारदा मालवण. सुरक्षिततेचं कुणी बोललंच नाही.

रंकाळाकाठ
पंचला २०२१ ला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे आणि मुलांसाठी चार मिळाले. एक्स्टरला सुरुवातीपासून सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग, मॅग्नाइटला ऑक्टोबर २०२४ पासून. पण मागं बसणारे बेल्ट लावणार नसतील तर हे आकडे कुणाच्या उपयोगाचे? आमच्या घरात आईनं पहिल्यांदा लावला, मग सगळ्यांनी लावला.

डिझेलवाला
सहाशे किलोमीटरला डिझेल नको, हे मी लिहून देतो. त्यापलीकडं माझं मत बदललेलं नाही. फक्त एक करा, टेस्ट ड्राइव्ह एकट्यानं घेऊ नका. शोरूमचा पोरगा कावळा नाक्यावरनं सपाट रस्त्यानं फिरवून आणतो. घरच्या चौघांना बसवा आणि जोतिबाच्या चढावर न्या. नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा.

गगनबावडा रोज
आणि चढावर मध्येच गाडी पूर्ण थांबवा. एसी चालू ठेवून, हँडब्रेक सोडून पुन्हा उचला. मागं न सरकता, क्लच जळल्याचा वास न येता उचलली तर पुढचं बोला. वडिलांना मागच्या सीटवर बसवा आणि उतरल्यावर त्यांनाच पहिलं विचारा.

पहिलीच गाडी
शनिवारी दोन गाड्या ठरवल्यात. बाबांना सांगितलंय. जोतिबा म्हटल्यावर ते एका पायावर तयार आहेत.