मदत हवी आहे: डायलिसिस लागलेल्या एकेआय (किडनी अचानक बंद पडणं) रुग्णांत सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत याचे गुण) इतका फिका का पडतोय?

तिसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट
थिसिससाठी आयसीयूतल्या १५० रुग्णांचा डेटा हाताशी आहे. सगळ्यांची किडनी अचानक बंद पडून डायलिसिस लागलेलं. आधीपासून डायलिसिसवर असलेले वगळलेत. वॉर्डात ६० दगावले. डायलिसिसच्या पहिल्या दिवशीचा सोफा काढला तर एयूसी (दगावणारे आणि वाचणारे वेगळे ओळखण्याची ताकद; ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक) ०.६६ च्या पुढे सरकत नाही. त्यात क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) उलटंच बोलतंय: ज्याचं जास्त, तो वाचतोय! एन्ट्रीत घोळ आहे का? आणि मृत्यूचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये १४ व्हेरिएबल्स (घटक) घातली तर चालतील का?

गाळणी
घोळ बहुधा नाही. सोफात सहा अवयव, प्रत्येकी ० ते ४ गुण. क्रिएटिनिन ५ च्या वर किंवा लघवी दिवसाला २०० मिलीच्या खाली गेली की किडनीचे चारही गुण पडतात. तुमच्याकडचे बहुतेक जण तिथेच बसलेले, मग त्या रकान्यातून वेगळं कळणार काय? किडनी वगळून उरलेल्या पाच अवयवांचा, २० पैकी स्कोअर काढून बघा.

वेळही तपासा. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या २४ तासांतली वाईटात वाईट नोंद घ्यायची. 'पहिला दिवस' म्हणून सेशननंतरचं क्रिएटिनिन उचललं असेल तर ते मशीनने धुतलेलं आहे. सिडेशनवरच्या (गुंगीचं औषध चालू असलेल्या) रुग्णाला जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) ३, म्हणजे सर्वांत कमी, लिहू नका, औषध देण्याआधीचा घ्या.

क्रिएटिनिनचं कोडं जुनंच आहे. स्नायू झडलेल्या माणसात ते मुळात कमी बनतं, आणि अंगात पाणी साठलं की पातळही होतं. समजा वजन ६० किलो, तीन दिवसांत आत ११.५ लिटर, बाहेर ४. शिल्लक ७.५, म्हणजे वजनाच्या १२.५ टक्के. शरीरातलं पाणी ६० टक्के धरलं तर ३६ लिटर. रिपोर्टवरचं ३.० हे (३६ + ७.५) ÷ ३६ ने गुणून दुरुस्त केल्यावर ३.६ होतं. म्हणून क्रिएटिनिनपेक्षा पाण्याची टक्केवारी घाला. १० टक्क्यांच्या वर गेलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात.

तिसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट
इनपुट-आउटपुट चार्ट अर्धवट आहेत. अँटिबायोटिकसोबतचं १०० मिली सलाइन कुठेच धरलेलं नाही.

गाळणी
नेहमीचंच. औषधांच्या चार्टवरून डोस मोजून ते जोडा. दिवसाला चार अँटिबायोटिकच्या बाटल्या म्हणजे तीन दिवसांत १.२ लिटर गायब! हिशोब डायलिसिस सुरू होईपर्यंतचाच ठेवा. त्यापुढे जाणार असाल तर मशीनने काढलेलं पाणी 'बाहेर'मध्ये धरायला विसरू नका.

आकडेमोड
१४ नकोत. मृत्यू ६०, दर व्हेरिएबलमागे निदान १० मृत्यू हा ढोबळ हिशोब, म्हणजे फार तर सहा. वय, किडनी वगळून सोफा, पाण्याची टक्केवारी आणि कारण (सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं, आहे की नाही) पुरेत. व्हेंटिलेटर वेगळा घालू नका, सोफाच्या श्वसनाच्या गुणांत तो आलेलाच आहे. १५० चे दोन तुकडे करून तपासण्यापेक्षा पूर्ण डेटावर बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासणं) करा.

खरी मेख दुसरीकडे आहे. डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गेलेले कुठे टाकलेत? नॉरअॅड्रेनालिन (रक्तदाब टिकवणारं औषध) चालू असताना घरी नेलेला रुग्ण 'डिस्चार्ज' म्हणून जिवंतांत गेला, तर जास्तीत जास्त सोफावाला 'वाचलेला' दिसतो आणि एयूसी आपटते. ९० दिवसांची स्थिती फोन करून विचारा. तुमचे ४० टक्के मृत्यू फक्त वॉर्डातले आहेत. २०२० च्या स्टार्ट-एकेआय चाचणीत (डायलिसिस लवकर की थांबून सुरू करावं, याची) ९० दिवसांत सुमारे ४४ टक्के गेले होते.

परदेशी स्कोअर तसाच लावणार असाल तर कॅलिब्रेशन (अंदाजाचा टक्का प्रत्यक्ष मृत्यूंशी जुळतो का) बघाच. पावसाळ्यातले लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस)-मलेरियाचे, घोणस चावलेले रुग्ण बरेचदा तरुण, किडनी आधी धडधाकट. त्यांच्यात कोणाला धोका जास्त हा क्रम बरोबर लागेल, पण मृत्यूच्या अंदाजाचा टक्का अवाच्या सवा येऊ शकतो.

तिसऱ्या_वर्षाचा_रेसिडेंट
डामाचे ११ निघाले, सगळे 'जिवंत'मध्ये. फोन लावायला घेतो.

गाळणी
लावताना डायलिसिस अजून चालू आहे का तेही विचारा. वेगळा रकाना करा, 'वाचला' यात ते मिसळू नका.