काल्पनिक प्रदेशाचा नकाशा, तोही देवनागरी नावांसह: कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

तांबडी_माती

नमस्कार. गेली दीड वर्षे एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी माझ्या घरी डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायचा कथाखेळ) खेळ असतो आणि डंजन मास्टरची, म्हणजे कथा चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे असते. खेळाडू पाच आहेत: दोन भाचे, शेजारच्या काकू आणि कचेरीतले दोन सहकारी. सगळा खेळ मराठीतून चालतो. आजवर आलेखवहीच्या पानांवर पेन्सिलीने रेघोट्या ओढून काम भागले. परंतु पात्रे आता घाट उतरून किनाऱ्याकडे निघाली असल्यामुळे डोंगर, नद्या, बंदरे आणि वाटा दाखवणारा एक नीटनेटका नकाशा ए-२ आकारात छापून टेबलावर पसरावा, असे मनात आहे.

खर्च एकदाच आणि १५०० रुपयांच्या आत व्हावा, वर्गणी नको. लॅपटॉप आठ वर्षांचा असून त्यात ४ जीबी रॅम आहे. खरी अडचण नावांची आहे. एका सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवून मी त्यात ‘निर्वंशवाडी’ असे लिहून पाहिले, तर ऱ्हस्व वेलांटी ‘न’च्या अलीकडे बसण्याऐवजी पलीकडे जाऊन उभी राहिली आणि रफार ‘व’च्या डोक्यावर चढण्याऐवजी पाय मोडलेला ‘र’ होऊन मध्येच लोंबू लागला. भाच्याने ते जसे दिसले तसे मोठ्याने वाचून दाखवले आणि त्या रात्रीचा भयप्रसंग तिथेच संपला. कच्चा आराखडा सोबत जोडला आहे. कृपया सुचवावे.

घाटमाथा_१९

वंडरड्राफ्ट आणि डंजनड्राफ्ट ही जोडी डोळे मिटून घ्यावी. दोन्ही एकाच निर्मात्याची आहेत. पहिले प्रदेशाच्या नकाशासाठी आणि दुसरे लढाईच्या चौकटींसाठी. सुमारे ३० आणि २० डॉलर एकदाच भरले की वर्गणीचा जाच राहत नाही. हे दीड हजारात बसत नाही याची मला कल्पना आहे, परंतु छंदात हात आखडता घेऊन कसे चालेल? डंजनड्राफ्टमधून नकाशा बाहेर काढताना भिंती, दारे आणि दिवे यांची माहितीही सोबत जाते, त्यामुळे तो मॉड्यूलच्या मदतीने फाउंड्री या संगणकावरच्या खेळाच्या टेबलात उघडला की पात्राला भिंतीपलीकडचे दिसत नाही. माझ्याकडे ३२ जीबी रॅमचे यंत्र आहे आणि टेबलातच ४३ इंची टीव्ही आडवा बसवून घेतला आहे, म्हणून छपाईची कटकटच मिटली. आपणही तसेच करावे.

उगमाकडे

सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, आधी नदी सुधारा. आपल्या आराखड्यातील काळवंडी नदी खोऱ्याच्या मधोमध फुटते. एक फाटा पश्चिमेच्या समुद्राला मिळतो आणि दुसरा पूर्वेच्या सरोवराला. पाणी सर्वांत सखल वाट धरते, त्यामुळे उपनद्या येऊन मिळतात, नदी अशी अधेमधे फुटत नाही. फाटे फुटतात ते मुखाजवळच्या सपाटीवर, जशी गोदावरी धवळेश्वरमच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा अशी विभागते. समुद्र जवळ आहे म्हणून नदी तिकडेच वळेल, असेही नव्हे. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, तरीही तिथली जमीन पूर्वेला उतरत असल्यामुळे गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

शिवाय पूर्वेच्या सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाट दाखवलेली नाही. तसे असेल तर ते लोणारसारखे खारट व्हायला हवे. आपण शेजारी ‘गोडे पाणी’ असे लिहिले आहे, ते खोडावे.

फुकट_ते_पौष्टिक

दीड हजार तरी कशाला? आझगारचे फँटसी मॅप जनरेटर ब्राउझरमध्येच चालते, विनामूल्य आहे आणि त्याचा स्रोतही खुला आहे. ते उंचसखलपणा, पाऊस आणि तापमान यांचा हिशोब मांडून नद्या स्वतःच सोडते, त्यामुळे वरच्या प्रतिसादातील तक्रारीला जागा उरत नाही. जुन्या लॅपटॉपवर नकाशा ज्यांपासून बनतो त्या बिंदूंची संख्या १०,००० च ठेवावी. ती वाढवली की यंत्र धापा टाकू लागते. गावांची नावे हाताने बदलता येतात आणि अक्षरे ब्राउझरच मांडत असल्यामुळे जोडाक्षरे शाबूत राहतात. शहराच्या गल्ल्या हव्या असतील तर वाताबौचे मध्ययुगीन नगर-जनरेटर पाहावे, तेही फुकटच.

एक धडा मात्र मी स्वतः घेतला आहे. नकाशा ब्राउझरच्या साठवणीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे मी समजत होतो. एके दिवशी सवयीने ब्राउझरची सगळी साठवण पुसली आणि तीन आठवडे खपून सजवलेली बारा राज्ये क्षणात गेली. चूक माझीच होती. प्रत्येक बैठकीनंतर .मॅप फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी.

रफार_आणि_रकार

मूळ प्रश्न अक्षरांचा आहे आणि त्यावर वर जेमतेम एक वाक्य आले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. युनिकोडमध्ये ‘नि’ साठवताना आधी ‘न’ आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. वेलांटी उचलून अलीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे आणि ‘क्ष’ जुळवणे हे मांडणी करणाऱ्या आज्ञावलीचे काम आहे. ती नसेल तर धागाकर्तीच्या वाडीचे झाले तेच होते. गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअर-इंजिनाच्या तिसऱ्या मालिकेत ही सोय नव्हती. ती २०२३ साली ४.० मध्ये आली. घाटमाथा यांनी सुचवलेली दोन्ही सॉफ्टवेअर गोडोवरच उभी आहेत, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडून ‘क्षीरकुंड’ आणि ‘निर्वंशवाडी’ हे दोन शब्द लिहवून त्याचे चित्र मागवावे.

माझी पद्धत अशी आहे. नकाशा कशातही काढावा, परंतु तो नावांशिवाय निर्यात करावा आणि नावे इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या थरावर लिहावीत. ते विनामूल्य आहे आणि देवनागरी नीट मांडते. मात्र इंग्रजी नकाशांचे अनुकरण टाळावे. त्यांच्याकडे डोंगररांगेचे नाव लिहिताना अक्षरे लांब लांब पसरतात; तसे आपण केले की शिरोरेषा तुटते आणि नावाचे दातके कुंपण होते. लांबच लांब रांगेसाठी अक्षर मोठे व फिके घ्यावे किंवा नाव दोन ठिकाणी लिहावे. नदीच्या वळणावर नाव बसवताना वळण सौम्य ठेवावे, कारण प्रत्येक अक्षर वेगवेगळे कलते आणि वळण तीव्र असेल तर शिरोरेषेला वरच्या बाजूने चिरा पडतात. अक्षराभोवती पांढरी कड दिली तर ती रंगाच्या खाली राहील असा क्रम निवडावा. नाहीतर ती कड अनुस्वार गिळून टाकते.

टंकांपैकी टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळतो आणि त्यात ‘ल’ व ‘श’ आपल्या वळणाचे आहेत.

घाटमाथा_१९

मी नावे इंग्रजीतच लिहितो, त्यामुळे मला ही अडचण कधी आलेली नाही.

रफार_आणि_रकार

धागा देवनागरी नावांविषयी आहे, हे शीर्षकात लिहिलेले आहे.

सोंगट्यांची_पेटी

वंडरड्राफ्टविषयी अजून कोणी लिहिलेले दिसत नाही. मी दोन वर्षांपासून वापरतो आहे, उत्तम आहे, अवश्य घ्यावे.

छपाईबद्दल माझा अनुभव सांगतो. पहिल्यांदा मी २४ बाय १६ चौकोनांचा लढाईचा नकाशा ए-२ वर छापायला दिला. एक चौकोन म्हणजे खेळात पाच फूट आणि कागदावर एक इंच, हा हिशोब मी पक्का केला होता. परंतु ए-२ ची लांबी ५९४ मिलिमीटर, म्हणजे २४ इंचांना थोडी कमीच, हे ध्यानात घेतले नव्हते. दुकानातल्या मुलाने ‘कागदावर बसवा’ हा पर्याय निवडला आणि चौकोन आक्रसून २४ मिलिमीटरचे झाले. माझ्या सोंगट्यांचे तळ २५ मिलिमीटरचे आहेत. चार गॉब्लिन शेजारी शेजारी उभे केले की पाचवा भिंतीत शिरत असे. तेव्हापासून मी २२ बाय १५ च्या पुढे जात नाही, फाइल प्रत्येक चौकोनाला १५० पिक्सेल धरून बनवतो आणि दुकानदाराला ‘शंभर टक्के आकार’ असे कागदावर लिहून देतो. पडद्यावरचा गडद निळा समुद्र छापल्यावर जांभळट दिसतो, म्हणून तो आधीच फिका घ्यावा.

समोच्चरेषा

माझा व्यवसायच भौगोलिक माहिती प्रणालींचा असल्यामुळे मला हे सगळे खेळणे वाटते. अमेरिकेच्या एसआरटीएम मोहिमेने २००० साली अंतराळयानातून केलेल्या मोजणीवरून तयार झालेली, सुमारे ३० मीटर अंतराची उंचीची आकडेवारी कोणालाही मोफत मिळते. ती क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यावी, सह्याद्रीचा आपल्याला आवडेल तो तुकडा कापावा, तो ९० अंशांत फिरवावा, आणि कोणालाही न ओळखता येणारी परंतु खरी डोंगररांग तयार होते. छाया टाकताना उजेड वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून ठेवावा. खालून उजेड आला की डोंगर खड्ड्यांसारखे दिसतात. मी गेल्या खेळासाठी हरिश्चंद्रगडाचा परिसर असा उलटा करून वापरला आणि त्या भागात नेहमी भटकणाऱ्या दोघांनाही तो ओळखता आला नाही.

‘नदी फुटत नाही’ हे विधानही सरसकट खरे नाही. दक्षिण अमेरिकेत कासिक्यारे हा प्रवाह ओरिनोकोपासून फुटून रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला मिळतो, तोही नैसर्गिकरीत्या.

उगमाकडे

अपवाद एक सापडतो, म्हणून प्रत्येक नकाशात तो घालायचा का? शिवाय कासिक्यारे सपाट प्रदेशात आहे आणि धागाकर्तीचा फाटा घाटात फुटतो आहे.

फुकट_ते_पौष्टिक

४ जीबी रॅमवर क्यूजीआयएस चालवायला सांगणाऱ्यांनी आधी स्वतः चालवून पाहावे. हाच हिशोब चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला लागू आहे: ८१९२ बाय ८१९२ पिक्सेलचा एक थर स्मृतीत सुमारे २५६ एमबी जागा घेतो, डोंगर, जंगल, नद्या, वाटा असे दहा थर झाले की अडीच जीबी तिथेच संपतात. ए-२ साठी १५० डीपीआयने (इंचाला १५० ठिपके) साधारण ३५०८ बाय २४८० पिक्सेल पुरतात.

तांबडी_माती

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार यात घालवले. आझगार वापरून पाहिले. भूभाग सुंदर तयार झाला, परंतु तो माझा नव्हता, आणि दीड वर्षे खेळाडूंच्या डोक्यात बसलेला घाट त्यात कुठेच सापडेना. रफार यांच्या पद्धतीने इंकस्केपमध्ये नावे लिहिली आणि ती अगदी निर्दोष आली, याबद्दल त्यांचे विशेष आभार.

असे असूनही मी सॉफ्टवेअर घेत नाही आहे. ए-३ च्या जाड कागदावर बोरूने आणि काळ्या शाईने नकाशा हाताने काढला, ३०० डीपीआयला स्कॅन केला आणि ए-२ ला वाढवून मॅट कागदावर छापून आणला. वाढवल्यावर २१२ डीपीआय उरतात. रेघ थोडी जाड दिसते आणि तेच बरे वाटते. स्कॅन आणि छपाई मिळून साडेतीनशे रुपये लागले. त्यावर एकही नाव छापलेले नाही. पात्रे ज्या गावात पोहोचतील त्या गावाचे नाव त्या रात्री एका खेळाडूने स्वतःच्या अक्षरात लिहायचे, असे ठरले आहे. काल काकूंनी ‘निर्वंशवाडी’ लिहिले. रफार बरोबर डोक्यावर आहे. चकचकीत कागदावर शाई फिसकटते, म्हणून मॅटच घ्यावा, एवढी भर मीही घालते.

उगमाकडे यांना नम्रपणे कळवते की नदीचे दोन्ही फाटे तसेच राहतील. पूर्वेचा फाटा मुळात राक्षसांनी खणलेला पाट आहे. खेळाडूंना हे अजून ठाऊक नाही आणि त्यांतले कोणी हा धागा वाचत नसावे, अशी आशा आहे.

घाटमाथा_१९

पुढच्या नकाशाच्या वेळी तरी टीव्हीचा विचार करावा.

उगमाकडे

पाट असेल तर हरकत मागे घेतो. मात्र पाट जिथे फुटतो तिथे बंधारा हवाच, त्याशिवाय पाणी वळणार नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. नदीत आडवी भिंत, एका टोकाला पाटाचे तोंड आणि तिथून उताराच्या बेताने काढलेला पाट, अशी त्यांची रचना आहे. राक्षसांनी तो कितीही उंच बांधला असला, तरी पाटाचे तोंड भिंतीच्या माथ्यापेक्षा खालीच दाखवावे. आणि सरोवराचे पाणी खारट करायचे राहिले आहे.