फक्त होडीने जाता येणाऱ्या बेटावर लेटरबॉक्स ठेवायचाय (सेल्डन नेक, कनेक्टिकट)

हार्टफर्डकर_सुहास:
नमस्कार मंडळी,

आमच्या घरात लेटरबॉक्सिंगचं वेड आहे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी रानात एक घट्ट झाकणाचा डबा लपवतं. त्यात हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही असते, आणि वाटेच्या खुणा नेटवर टाकलेल्या असतात. डबा सापडला की त्यांचा शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला त्यांच्या वहीत, आणि डबा होता तस्सा ठेवून यायचं. कनेक्टिकटच्या वनखात्याने स्वतःच राज्याच्या जंगलांत असे डबे ठेवले आहेत, आमची सुरुवात तिथूनच झाली.

आता लेक दहा वर्षांची आहे आणि तिला स्वतःचा डबा ठेवायचाय, तोही बेटावर. कनेक्टिकट नदीतलं सेल्डन नेक तिने नकाशात बघून ठेवलंय. लाइम गावच्या हद्दीतलं ६०७ एकरांचं हे बेट राज्य उद्यान आहे. पूल नाही, फेरी नाही, आपली होडी घेऊनच जायचं.

प्रश्न तीन. जागा कशी निवडू? पाण्यातून येणाऱ्या माणसासाठी खुणा कशा लिहू? आणि आम्ही कयाक तलावात भरपूर चालवलंय, पण भरती-ओहोटीच्या नदीत कधी नाही. लेकीला दुहेरी कयाकमध्ये पुढे बसवून नेणं ठीक आहे का?

शिक्केवाली:
सुहासदादा, तुमच्या लेकीची निवड फार आवडली. बेटावरच्या डब्याला एक वेगळीच शान असते, कारण तिथे कोणी सहज चालत चालत पोचत नाही.

पहिलं काम म्हणजे उद्यानाच्या कार्यालयाला फोन करून परवानगी विचारा. जागा राज्याची आहे.

दुसरं, बेट बघायला उन्हाळ्यात जाल तेव्हा एप्रिल डोळ्यांसमोर आणा. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरचं बर्फ वितळतं ते पाणी याच नदीने खाली येतं. काठालगतच्या झुडपांत वाळलेले वेत, काटक्या, प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले दिसतील, कधीकधी कमरेइतक्या उंचीवर. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यावरून कळतं. डबा त्या रेषेच्या चांगला वर हवा, म्हणजे काठ सोडून चढ चढायचा. बेटावर लाल ग्रॅनाइटची जुनी खाण आहे, तिथले चिरे एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांना जात. खाणीच्या आसपास खुणा द्यायला सोपं पडतं, कारण दगड जागा सोडत नाहीत. मात्र डब्यासाठी खड्डा खणायचा नाही, जुन्या गडग्याचा एकही धोंडा हलवायचा नाही, आणि न दिसणाऱ्या कपारीत हात घालावा लागेल अशी जागा निवडायची नाही. शोधणाऱ्यांत मुलं असतात.

खुणांचं म्हणाल तर पाण्यावरच्या खुणा पाण्याबरोबर बदलतात. ‘वाळूच्या पहिल्या पट्ट्यावर उतरा’ असं तुम्ही ओहोटीला लिहाल आणि भरतीला आलेल्या माणसाला तिथे पट्टाच दिसणार नाही. उजवा-डावा काठ असंही लिहू नका. कोणी वरून येतं, कोणी खालून. पूर्व-पश्चिम लिहा. होकायंत्राचे अंश देणार असाल तर ते सुईचे की नकाशाच्या उत्तरेचे हे स्पष्ट करा. तिथे दोन्हींत सुमारे १३ अंशांचा फरक आहे, पन्नास पावलांत माणूस भलत्याच झाडापाशी जातो. आणि पडलेलं झाड खूण म्हणून नकोच.

डबा चारही बाजूंनी खटका लागणारा, झाकणात रबराची कड असलेला घ्या. आत शिक्का एका झिपच्या पिशवीत आणि वही दुसरीत. शिक्क्याला ओली शाई राहते, एकत्र ठेवलं की वहीची पानं चिकटतात. शाईचा पॅड डब्यात नको, ज्याने त्याने आपला आणावा.

शिक्का मात्र लेकीलाच कोरू दे. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, कागद उपडा करून रबरावर ठेवायचा आणि नखाने घासायचं. चित्र रबरावर उलटं उतरतं, म्हणून छाप सुलट येतो. कोरताना कोरणी एका जागी धरून रबर फिरवायचं, त्याने गोलाई सुंदर येते. रेषेच्या दोन्ही अंगांना बाहेर उतार ठेवायचा. सरळ खाली कापलं तर बारीक रेष तळाशी लटपटते आणि वापरून वापरून तुटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा डबा सांभाळायला कोण जाणार? पूर ओसरल्यावर एकदा आणि पानगळ संपताना एकदा तरी तिथे जावं लागेल. वही भरली, बुरशी आली, झाकण फुटलं, सगळं वल्हवत जाऊनच निस्तरायचं. रानातल्या डब्याकडे येता-जाता कोणीतरी बघतं. बेटावर बघणारे तुम्हीच. तेवढी तयारी असेल तरच ठेवा. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत त्या सुंदर बेटावर आपण कचरा टाकून आलो असं होईल.

खाडीवाला:
मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलो आणि आता या नदीच्या मुखाजवळ राहतो, तेव्हा पाण्याचं मी सांगतो.

समुद्राची भरती या नदीत हार्टफर्डच्याही वर जाते. सेल्डनपाशी पाणी जेमतेम तीन फूट चढतं-उतरतं. कोकणातल्या माणसाला ते काहीच वाटणार नाही, पण ओढ असते. नदीच्या मुखावरच्या ओल्ड सेब्रुकची वेळ बघून निघू नका, भरतीला वर चढत यायला वेळ लागतो. त्या ठिकाणाची वेळ बघा. पुनव-अवसेच्या उधाणाला ओढ जास्त, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, कमी. पहिल्यांदा जाताय तर भांगाचा दिवस धरा.

खरी काळजी दुपारच्या वाऱ्याची. उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेकडून, समुद्रावरून वारा येतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर पाणी दक्षिणेला आणि वारा त्याच्या तोंडावर, मग आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी लवकर पाण्यात उतरा आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत या. समोरच्या काठावरच्या डीप रिव्हर गावच्या धक्क्यावरून नदी ओलांडायचीय. तिथे शनिवार-रविवारी मोटरबोटींची रांग असते. त्यांची लाट आली की कयाकचं नाक लाटेकडे करायचं, कूस द्यायची नाही. शक्य असेल तर मधल्या वारी जा.

बेटाच्या मागून, पूर्वेकडून सेल्डन क्रीक जाते. अरुंद, शांत, दोन्हीकडे पाणथळ. लेकीला ती फार आवडेल. पण भरती भरत आली असतानाच आत शिरा, ओहोटीला उथळ होऊन चिखलात रुतायला होतं.

दुहेरी कयाक चालेल. आधी तुमच्या तलावात दोघांनी मुद्दाम उलटून परत चढायचा सराव करा, कपड्यांसकट. लाइफ जॅकेट अंगावर, शिट्टी जॅकेटला. १ ऑक्टोबर ते ३१ मे वल्ह्याच्या होडीत मोठ्यांनीही जॅकेट घालणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. मे महिन्यात हवा उबदार असली तरी पाणी अजून गारठलेलं असतं. कपडे पाण्याच्या हिशेबाने घाला.

डेव्हनवासी:
या छंदाच्या माहेरातून नमस्कार! १८५४ साली इथे इंग्लंडात डेव्हनमधल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी बाटली ठेवली. तिथवर जायचं म्हणजे दलदलीतून तंगडतोड, म्हणून पोचलेला माणूस त्यात आपलं कार्ड टाकायचा. पुढे लोक पत्ता घातलेली पोस्टकार्डं ठेवू लागले, नंतर येणारा ती नेऊन टपालात टाकायचा.

गॅलापागोसमधल्या फ्लोरिआना बेटावरही देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या काळापासून अशी पिंपाची टपालपेटी आहे, आणि किनाऱ्यावर अजूनही छोट्या होडीनेच उतरतात. आपल्या गावचं पत्र दिसलं तर ते घेऊन जायचं आणि शक्यतो हाताने पोचवायचं.

तुमच्या लेकीने डब्यात तिकीट लावलेलं एक पोस्टकार्ड जरूर ठेवावं, स्वतःच्या पत्त्याऐवजी एखादा टपालपेटी क्रमांक घालून. कोणी पोचलं की तिला घरबसल्या कळेल.

हार्टफर्डकर_सुहास:
मनापासून आभार. पोस्टकार्डाची गोष्ट ऐकून लेक नाचतेय. शिक्क्यावर तिला ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी कोरायचाय, मासा पायांत धरलेला. सांभाळायची जबाबदारी आम्ही दोघं नवरा-बायको घेतो, वसंतात आणि पानगळीत, ठरलं. गोचिडांचं काय करता?

शिक्केवाली:
ऑस्प्रे उत्तम! पिसं एकेक कोरू नका म्हणावं, पंखाची बाहेरची कड आणि डोळ्यावरून मागे जाणारी काळी पट्टी नीट आली की पक्षी ओळखू येतो.

गोचिडांना अजिबात हलकं घेऊ नका. गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराला नाव याच गावावरून पडलंय, १९७५च्या सुमारास इथल्या मुलांचे सांधे सुजू लागले तेव्हा शोध सुरू झाला. पूर्ण बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, बुटांवर आणि विजारीवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवलेलं. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघायचं. पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चावलेलं दिसलं तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. पॉयझन आयव्ही या अंगाला खाज-पुरळ आणणाऱ्या वेलीची तीन पानंही लेकीला आधी चित्रात दाखवून ठेवा. डबा त्या वेलीच्या जवळपास नको.

परवानगी मिळाली आणि डबा ठेवून झाला की खुणा मला निरोपात पाठवा, जागा मात्र सांगू नका. सप्टेंबरमध्ये मधल्या वारी मी एकटी जाऊन शोधून बघते. मी जिथे अडखळेन ते वाक्य बदला, मगच खुणा सगळ्यांसाठी खुल्या करा.