बॅटरीचा पाळणा की झोळी?

लेक सव्वा महिन्याची. संध्याकाळी सात वाजले की भोकाड पसरते ते दहापर्यंत. नवरा म्हणतो बॅटरीवर हलणारा पाळणा घेऊ, सासूबाई म्हणतात नऊवारीची झोळी बांधा. डोंबिवलीतल्या वन बीएचकेत पाळणा ठेवू कुठे?

— पाळणा नको गं, पैसे वाया. झोळी चालेल, पण डोळा लागला की सपाट, कडक गादीवर उताणी ठेव. उशी नको. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडं सगळ्यात जास्त, तीन-चार महिन्यांत ओसरतं.

— मध-घुटी वर्षाच्या आत अजिबात नाही, कोणी कितीही म्हणो. ताप आला किंवा दूध ओढेना, तर लगेच डॉक्टर. एरवी मिक्सर लावून बघ. आमचा त्या घरघरीनेच गप्प व्हायचा.

— लावला! चक्क थांबली. सासूबाई आतून: ‘रात्री नवाला कसली चटणी वाटतेस?’