तुडतुडा, शेजारचे आजोबा आणि एआय

"एआयला विचारलं की सगळं कळतं, म्हाताऱ्यांना कशाला विचारत बसायचं" असं हल्ली कोणी कोणी म्हणतात, त्यावर थोडं. आमची देवगडात हापूसची कलमं आहेत. यंदा मोहोरावर तुडतुडा (रस शोषणारी कीड) दिसला तसं मी चॅटजीपीटीला विचारलं, त्याने औषध, प्रमाण, वेळ सगळं नीट सांगितलं, चूक काही नव्हतं हां. पण शेजारचे आजोबा बागेत आले, पानावरून बोट फिरवलं, चिकट लागलं, मग वर बघून म्हणाले "मोहोर पुरतो फुललोहा, आता मारलंस तर माशयो मरतले, फळ कशी धरतली?" आता मोहोर फुललाय हे मी मशीनला लिहिलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नाही. आणि लगेच पुढे "आवशीचो गुडघो कसो आसा?", म्हणजे आईच्या गुडघ्याची चौकशी.

पण मशीनशी मन मोकळं करणाऱ्यांना हसू नका प्लीज. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम केला, तो आपलंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, बस्स एवढंच, तरी वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने एलायझाशी बोलताना साहेबालाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ऐकणारं कोणीतरी हवं असतं माणसाला, आणि मुंबईत एकट्या खोलीत राहणाऱ्याकडे कुठले आजोबा येणार गडग्यावरून (दगडी कुंपणावरून).

आमचे तर दीड तास बसले, दोनदा चहा झाला, फवारणी राहिली ती राहिलीच.